बारा नंबरचा पीस

७ जानेवारी २०२५, मंगळवार

पहिला दिवस. पायाचे तुकडे पडलेत. गेटवर पिशवीत पास सापडेना, शेवटी वॉचमनच म्हणाला, "ऱ्हाऊ दे ताई, जावा आत."

मला रिजेक्शन यार्डात बसवलंय. गिऱ्हाइकानं खराब म्हणून परत पाठवलेला माल इथं येऊन पडतो. पंपाच्या बॉड्याच जास्त. काम डोकं लावायचं नाही — बॉडी उलटी करायची, बुडावरचा मोल्डरचा नंबर बघायचा, बिघाड कुठं आहे ते बघायचं, दोन्ही वहीत लिहायचं. मग बॉडी ढिगावर. नवी भट्टी सुरू झाली की ढीग भट्टीत.

प्रत्येक मोल्डरचा आपला ठसा असतो. साचा करताना तो वाळूत दाबतात. वरून लोखंडाचा रस ओतला की बॉडीवर नंबर उठतो. माती कुणी खाल्ली ते कळायला नको? अतुलचा नंबर बारा.

तोंडावर कधी नावानं हाक मारली नाही नवऱ्याला. इथं लिहिते. इथं ऐकायला कोण आहे?

अडतीस बॉड्या उलट्या केल्या. नऊ, चार, एकवीस, चार, नऊ. बारा नाही.

८ जानेवारी

बारा नाही.

११ जानेवारी, शनिवार

संयोगिता रुजू झाली. मुरगूडची. पृथ्वीराज तिचा नवरा, नऊ नंबर. अपघातात पाच गेले त्यांत मोल्डर दोघंच, तिचा आणि माझा. बाकी तिघं भट्टीवरचे.

जेवताना तिनं विचारलं, "त्या दिवशी तुमी कुठं हुता?" घरी होते, कुठं असणार. अठरा जून. भट्टीत ओलं भंगार गेलं, रस उसळला, पाठोपाठ छप्पर आलं. पावणेचार वाजले होते. आमचं घर नागावात, कंपनीपासून दीड किलोमीटर. आवाज ऐकला मी. वाटलं, हायवेला ट्रक उलटला कुणाचा तरी. आणि परत शिलाई मशिनवर बसले. एक अख्खी बाही लावली. हे कुणाला सांगितलेलं नाही.

पृथ्वीराजची दुसरी पाळी, तो आत असणारच होता. अतुलची पहिली. ती तीनला सुटते. पावणेचारला तो आत काय करत होता? सात महिने विचारतेय. "ओव्हरटाइम असंल," म्हणतात.

मला माहीत आहे तो का थांबला. रोज चार वाजवून घरी यायचा. त्या दिवशी आमच्या लेकीला, मोनाला, चष्मा करायला राजारामपुरीत न्यायचं होतं. मी म्हणाले, आज तरी वेळेवर या. तो म्हणाला, बघतो. त्या 'बघतो'वर माझं डोकं फिरलं. म्हणाले, "नका येऊ. लवकर येऊन तरी काय दिवे लावणार आहात? बसा तिथंच."

डबा न घेता गेला. आणि बसला तिथंच.

१२ जानेवारी

काल लिहिलं ते वाचलं. फाडणार होते. राहू दे. खरं आहे.

१८ जानेवारी, शनिवार

आज अठरा तारीख, मालक आले. ऋतुराज साहेब दर अठरा तारखेला पाचही घरी जातात. नागाव, मुरगूड, गडहिंग्लज, सगळीकडं, स्वतः गाडी चालवत. वय बत्तीस. बापानं उभी केलेली कंपनी हातात येऊन वर्ष झालं नव्हतं तोवर हे.

शोकसभेत म्हणाला होता, "भट्टी पुन्हा पेटेल तेव्हा या पाच घरांतलं एकेक माणूस आत असेल. आणि तोवर आमचं एकेक माणूस या पाच घरांत असेल." मागं लोक हसले होते. मीही हसले. बोलाचीच कढी, म्हटलं! पण पाळलं त्यानं. प्रत्येक घराला कंपनीतला एक माणूस नेमून दिला. आमच्या वाट्याला आकाराम मिस्त्री आले — मोल्डिंगचे जुने मिस्त्री, अतुलला काम त्यांनीच शिकवलं. मोनाचा चष्मा शेवटी त्यांनीच करून आणला.

पहिल्या महिन्यात माझ्या सासूनं, म्हणजे बाळाबाई आत्यांनी, साहेबांना दारातूनच परत लावलं होतं. "माझं पोरगं आण, मग आत ये." गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा दारात उभा. आज साडेपाच वाजून गेले तरी आला नाही, तर आत्याच सारख्या रस्त्याकडं बघायला लागल्या. आल्यावर म्हणतात, "किती उशीर रं? पोहं गार झालं की."

त्याला बोलता येत नाही. मोनाला म्हणाला, "चष्म्याचा नंबर वाढला का?" मोना म्हणाली, "न्हाय." मान खाली घालून पोहे खाल्ले आणि गेला.

ह्या माणसाचा राग करता येत नाही, ह्याचाच मला राग येतो.

२४ जानेवारी

संयोगिताला आज तिसरी बॉडी मिळाली. नऊ नंबर. बाजूला हवेचं भोक, बोट जाईल एवढं. तिनं त्यात बोट घातलं आणि हसली. "बघ की. ह्येच्यापायी किती बोलणी खाल्ल्यात ह्यांनी. घरात यिऊन मला सांगायचं, वाळूच ओली हुती, माझी चूक न्हाय." मग रडली. मग पदरानं बॉडी पुसली.

मला हेवा वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला. बाईचा नवरा गेलाय आणि मी तिच्यावर जळते, का तर तिच्या नवऱ्याचं काम खराब होतं!

जूनच्या आधी गेलेला माल अजून गिऱ्हाइकाकडं पडून आहे. तो जसजसा लेथवर चढतो तसतसं खराब निघालेलं परत येतं. तो साठा संपला की संपलं. मग नऊही नाही न् बाराही नाही. माझ्याकडं त्याच्या हाताचं काहीच नाही. शर्ट आहेत, चप्पल आहे, मोबाइल आहे. पण शर्ट काय, कुणीही घालतं. तेरा वर्षं ज्या हातांनी काम केलं त्या हातांचं एक काम मला पाहिजे. एक.

मिस्त्रींना विचारलं, बाराचा पीस कधी येईल? म्हणाले, "अतुलचा पीस तेरा वर्सात परत आल्याला न्हाय. शंका आली की रस वतायच्या आधी सोताच साचा मोडायचा. पाळी सुटली तरी थांबून पुन्यांदा करायचा."

म्हणजे रोज चार ह्यासाठी वाजायचे. घरी कधी एका शब्दानं बोलला नाही.

"त्या दिवशी पण मोडला होता का?" विचारलं. मिस्त्री वाळूच्या मशिनकडं निघून गेले. तिची जुळणी चालली होती.

२५ जानेवारी

एक तरी चुकायचं होतं त्यानं.

३ फेब्रुवारी, सोमवार

सुट्टी. मिस्त्री सिलिंडर घेऊन आले. सायकलवरून. साठी उलटलेला माणूस! जोडून दिला, नळी वाकवून बघितली, साबणाचं पाणी लावून बघितलं. मग बाहेर पायरीवर बसले. मी तांब्या नेला. "नगो." चहा? "नगो." सात महिने झाले हे. पाणी नाही, चहा नाही. काम असेल तेवढंच उंबऱ्याच्या आत.

आत्या म्हणाल्या, "जुनी खोडं ती. आपल्यातलं पाणी पीत नसतील." त्यांचं बालपण लोकांच्या पायऱ्यांवर उभं राहण्यात गेलं. गावात वरून पाणी ओतायचे, ह्या ओंजळ धरायच्या. त्यांना नवल नाही. मला आहे. अतुल ह्यांच्या डब्यातली भाकरी खायचा आणि हे अतुलच्या डब्यातलं कालवण. कंपनीत चालतं, मग घरात का चालत नाही?

विचारणार होते. घरातला नळ अजून गळतोय, तोही त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायचाय, म्हणून नाही विचारलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. अक्कल असते. तोंड नसतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भट्टी पेटली.

शेडवर नवा पत्रा, नव्या वायरी. भंगार आधी तापवून वाळवायला वेगळी जागा केलीय. साहेबांनी सांगितलं होतं, पहिलं भंगार पाच घरच्या बायकांनी टाकायचं. भटजी, नारळ, हळदकुंकू, सगळं मांडलेलं. आणि बायका जागच्या हलेनात! संयोगिता भिंतीला चिकटून. "मी कशी फुडं हू? शुभ काम हाय." गडहिंग्लजच्या झुंबरबाई, त्यांचा एकुलता मुलगा गेला, त्याही मागं सरल्या. भटजी ताटाकडं बघत बसले. साहेबांना घाम फुटला. भलं करायला गेला बिचारा आणि ह्याचा विचारच केला नव्हता.

आमच्यात हे शुभ-अशुभ आजेसासऱ्यांनीच सोडलं. माझ्या बांगड्यासुद्धा आत्यांनी उतरवू दिल्या नाहीत. मी म्हणाले, "भट्टीला काय कळतंय कुणाच्या कपाळाला काय हाय न् काय न्हाय. चला." ढिगातली एक बॉडी उचलली, एकवीस नंबर, चांगली जड, आणि टाकली थंड भट्टीत. मोठा आवाज झाला. मग झुंबरबाई आल्या. मग संयोगिता. तिनं नऊ नंबर उचलला, बघितला, परत ठेवला. दुसरा घेतला.

रस झाला, मी पहिल्यांदाच बघितला. मला वाटायचं तो लाल असेल. पांढरा असतो. बघवत नाही. अतुलच्या डोळ्यांच्या कडा कायम लाल असायच्या, मी म्हणायचे मोबाइल बघून झाल्या.

७ मार्च

चार. सतरा. चार. पाच. बारा नाही.

८ मार्च, शनिवार

संयोगितानं धीर करून साहेबांना विचारलं, नऊ नंबरची एक बॉडी घरी नेऊ का. गेटमधून लोखंडाचा खिळासुद्धा बाहेर जात नाही. साहेबांनी तिथल्या तिथं पास लिहिला — 'एक नग पंप बॉडी, नापास. परत आणायची नाही.' खाली सही.

ती एसटीत मांडीवर घेऊन गेली म्हणे मुरगूडपर्यंत. कंडक्टरनं विचारलं, "ताई, पंप बिघडला काय?" ही म्हणाली, "व्हय."

१७ मार्च, सोमवार

मुरगूडला जाऊन आले. तिनं बॉडी तुळशीजवळ ठेवलीय, भोक पुढं करून. भोकात रोज एक फूल. चुकीत फूल घालते ही बाई! आणि मी तिथं उभी राहून काय विचार करत होते, तर माझ्या दारात तुळस नाही, मी कुठं ठेवली असती. आधी मिळू तर दे.

परत येताना खिडकीशी बसून सारखं वाटत होतं, घरी गेले की तो आलेला असेल. उशिरा येणाऱ्या माणसाचं हे एक वाईट. त्याची वाट बघायची सवय लागलेली असते. चार वाजले की अजून कान दाराकडं जातो. कामावर असले तरी. दार दीड किलोमीटर लांब असलं तरी.

३१ मार्च

जुना साठा संपत आलाय, गिऱ्हाइकाच्या माणसानं सांगितलं. "महिना-दीड महिन्याचा माल असंल." मिस्त्री तिथंच उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी नाही बघितलं.

१४ एप्रिल

जयंती. मोना पांढऱ्या फ्रॉकमध्ये मिरवणुकीत गेली. आत्याही गेल्या. मी कपाटातून त्याचा पांढरा शर्ट काढला, इस्त्री केली, परत ठेवला. गेल्या वर्षी ह्या दिवशी आम्ही दोघं मिळून दारात निळा मंडप बांधत होतो आणि मी म्हणत होते, दोरी वाकडी बांधली. वाकडी नव्हती. मला काहीतरी बोलायचं असायचं, एवढंच.

२२ एप्रिल, मंगळवार

बारा!

दुपारी जेवणानंतर. ढिगाच्या कडेला एकटीच पडलेली. उलटी केली. एक आणि दोन. बोटानं गिरवलं, परत गिरवलं. वरची एक कड ढासळलेली, सरळ नाही, ओघळलीय. खराब. चक्क खराब!

संयोगिताला हाक मारली. ती धावत आली. दोघी जमिनीवर बसलो तिला मध्ये घेऊन. "आलं की गं तुझं," म्हणाली. वहीत लिहिलं — मोल्डर १२. बिघाड: साच्याची कड ढासळली. अक्षर चांगलं आलं.

साहेबांनी न मागता पास दिला. मिस्त्रींनी सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी पोचवली. आत्यांनी मांडीवर घेतली. वीस किलोची बॉडी! खाली ठेवायला तयार नाहीत. मिस्त्री पायरीवर बसून होते, त्यांना पाणी विचारायचंही मला सुचलं नाही.

२३ एप्रिल

शिलाई मशिनशेजारी ठेवलीय. मोना तिला 'पप्पांची चूक' म्हणते. येता-जाता हात लावते. शाळेत सांगून आली, माझ्या पप्पांची एकच चूक आहे आणि ती आमच्या घरी आहे.

२५ एप्रिल

आज चार वाजले ते कळलं नाही. पहिल्यांदा.

२९ एप्रिल, मंगळवार

बघितलं नव्हतं असं नाही. बघायचं नव्हतं.

गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या बॉडीवर लाल रंगाची फुली असते. आणि एक तरी बाजू लेथवर घासून चकचकीत झालेली असते. चार महिने हेच बघतेय मी. ह्या बॉडीला फुली नाही. कुठं घासलेली नाही. ही कधी गेटबाहेर गेलीच नव्हती. आमच्या घरी आली तीच पहिल्यांदा. आणि जुन्या शेडमधला माल तर सगळा छपराखाली गेला होता.

म्हणजे नव्या भट्टीतली आहे. म्हणजे त्यानं केलेली नाही.

गेलेल्या दोघांचे ठसे मिस्त्रींच्या पेटीत कुलपात असतात. किल्ली त्यांच्या करगोट्याला.

आत्यांना सांगितलं नाही. त्या सकाळी बॉडीवरून हात फिरवून मग चहा पितात. मोनाला कसं सांगू?

५ मे, सोमवार

आज तोडून टाकलं. मिस्त्री नळाला तोटी बसवायला आले होते. आत्या आणि मोना बाहेर गेलेल्या. मी तांब्या पुढं केला. "नगो." मी म्हणाले, "आमच्या घरचं पाणी चालत नाही तुम्हाला. खोटी बॉडी करून द्यायला चालतं."

हातातला पाना खाली ठेवला त्यांनी. तोंड पांढरं पडलं. "तसं न्हाय पोरी."

"मग कसं?"

"पाण्याचं तसं न्हाय. शपथ."

"आणि बॉडीचं?"

मी बोलत राहिले. मला थांबताच येत नाही एकदा सुरू झाले की. म्हणाले, मला दया नको होती. त्याच्या हाताचं पाहिजे होतं. तुम्ही माझ्या लेकीला खोटा बाप दिला. तो चुकत नव्हता, आणि तुम्ही त्याच्या नावावर चूक लावली. त्या ठशावर तुमचा काय हक्क?

ते उठले. तोटी बसवली. नळ सोडून बघितला, गळत नव्हता. "ती चूक खोटी न्हाय," एवढंच म्हणाले आणि सायकल घेऊन गेले.

काय म्हणायचं होतं? माणूस स्वतःच्या हातानं करतो आणि वर म्हणतो खोटी नाही.

६ मे

मी परत तेच केलं. तोंड सोडलं आणि माणूस डबा न घेता गेला.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. विहारात गेले. डोळे मिटले की मन शांत करायचं असतं. माझ्या डोळ्यांपुढं ओघळलेली कड.

१८ मे, रविवार

साहेब आले. पोहे खाल्ले. जाताना दारात म्हणाले, "ताई, आकारामकाका म्हणतात, या घराला दुसरा माणूस द्या. काही झालंय का?" मी म्हणाले, काही नाही. मग साहेब म्हणाले, "दुसरा देऊ?" आत्या आतून ओरडल्या, "दुसरा नगं. त्योच पायजे."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मी म्हणाले, राहू दे. कुणीच नको सध्या.

त्यांचा चेहरा पडला. कंपनी पुन्हा उभी करताना ह्या पोरानं पाच घरं पदरात घेतली. एक घर म्हणालं कुणीच नको, तर त्याला ते छपरासारखंच अंगावर आलं असणार. पण मी काय करू?

३ जून

गिऱ्हाइकाकडून शेवटचा लॉट आला. एकोणीस नग. संयोगिताला नऊची आणखी एक मिळाली. बारा नाही. जुना माल संपला.

संपलं. तेरा वर्षांत एकदाही चुकला नाही हे आता, वहीतली माझी ती एक नोंद सोडली तर, लेखी आहे. अभिमान वाटायला पाहिजे. वाटत नाही. रिकामं वाटतं. सगळ्या पंपांच्या आत तो कुठंकुठं फिरतोय, शिवारात, विहिरींवर, आणि माझ्याच घरात नाही.

१० जून

ती बॉडी ढिगावर परत टाकावी असा विचार आला. उचलायला गेले तर मोना म्हणाली, "कुठं नेतीस?" म्हणाले, पुसायला. पुसली.

१८ जून, बुधवार

वर्ष झालं.

कंपनी दिवसभर बंद नाही ठेवली. साहेब म्हणाले, ती माणसं काम थांबवणारी नव्हती. पावणेचारला मशिनं बंद केली, दोन मिनिटं. मग परत सुरू. गेटवर पाच नावांचा दगड बसवलाय. झुंबरबाईंनी मुलाच्या नावावर दोन्ही हात ठेवले आणि बराच वेळ काढले नाहीत. आत्यांनी उदबत्ती लावली, पंचशील म्हटलं, आमच्याबरोबर संयोगिताही हात जोडून उभी राहिली.

साहेब बोलायला उभे राहिले. कागद होता हातात. दोन ओळी वाचल्या आणि खाली बसले.

मिस्त्री आले नव्हते. तीस वर्षांत रजा न घेतलेला माणूस आज रजेवर.

घरी आल्यावर मी त्या बॉडीशी बोलले. खोटी आहे माहीत असून. म्हणाले, मी तसं म्हणायला नको होतं. बसा तिथंच म्हणायला नको होतं. एवढंच सांगायचं होतं मला त्याला, वर्षभर. दुसरं काही नाही.

२० जून, शुक्रवार

आकाराम मिस्त्री आले. पायरीवर बसले नाहीत, उभ्यानंच सांगितलं.

त्या दिवशी तीनला अतुलनं हात धुतले होते. शर्ट बदलला होता. शेवटच्या साच्याची एक कड ढासळली होती, माझ्या घरी आहे तशीच. तीच कड आठवून मिस्त्रींनी माझी बॉडी केली. अतुल त्यांना म्हणाला, "आजच्या दिस एवढी जाऊ दे मिस्त्री. परत आली तर यिऊ दे. घरला लवकर जायचं हाय. बायको रागावलीया."

मिस्त्री म्हणाले, "बारा नंबर परत येत न्हाय. मोड, आन् पुन्यांदा कर." मग मला म्हणाले, "मीच थांबवला त्याला, मग त्याच्या घरचं पाणी कुठल्या तोंडानं पिऊ?"

म्हणजे तो रुसून बसला नव्हता. हात धुऊन, शर्ट बदलून, माझ्याकडं यायला निघाला होता.